कस्तुराबाईच्या हातचे शेंगोळे

रविवारी संध्याकाळी शिवप्रियाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा महानंदा लसूण सोलत बसली होती. तिनं मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हातातलं काम चालूच ठेवलं. मुलगी आणि जावई इटलीला जाऊन वर्ष होत आलं होतं. जावई तिथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. सुट्टी म्हणून दोघं गाडी काढून खेड्यापाड्यांतून भटकायला निघाले होते, आणि शिवप्रियाला ते सगळं आईला दाखवायची घाई झाली होती.

तिनं मोबाईल गोल फिरवला. उतारावर द्राक्षांचे मळे, पानं पिवळी पडलेली. एक दगडी घर. घरासमोर अंगणात लाकडी टेबल, त्यावर पांढरं कापड. थंडी असावी, कारण दोघांच्याही अंगात स्वेटर होते. पण ऊन छान पडलं होतं.

"हे हॉटेल आहे?" महानंदानं विचारलं.

"हॉटेल नाही गं. शेतकऱ्याचंच घर. आधी फोन करून ठेवला की जेवायला घालतात. आम्ही सकाळी निघतानाच केला होता. आधी चीज आलं, भाज्या आल्या, मग पास्ता. अजून काय काय यायचंय."

"किती वेळ बसलाय?"

"झाले असतील दोन-तीन तास."

"आणि वाढतंय कोण?"

"घरातल्या बाईच. त्याच करतात, त्याच आणून देतात. मधेच येऊन गप्पा मारत बसतात."

"मग तू काय करतीस?"

शिवप्रिया हसली. "मी? मी काही नाही. जेवतेय."

मग तिनं ताटली मोबाईलजवळ आणली. "हे बघ, हे त्यांनी हातानं वळलंय. एकेक. अगदी आपल्या हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांसारखं."

एवढा वेळ मागं खुर्चीवर पेपर वाचत बसलेला उत्तरेश्वर चष्मा सावरत पुढं वाकला. लेकीची ताटली बघून म्हणाला, "शेंगोळे खावेत तर ढोकीच्या रस्त्यावरच्या कस्तुराबाईच्या हातचे. तसे कुठं मिळायचे न्हायत."

महानंदानं लसणाची पाकळी जरा जोरातच ताटात टाकली.

उत्तरेश्वर एसटीत ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. उभी हयात त्याची दुपारची जेवणं बाहेर झाली होती, आणि धाराशिव-तेर-ढोकी-कळंब या मार्गावर तो असताना ती बहुतेक कस्तुराबाईंच्या खानावळीत झाली होती. घरी आला की हा माणूस फार बोलत नसे. पण कस्तुराबाईंचे शेंगोळे, कस्तुराबाईंचं पातळ पिठलं, कस्तुराबाईंची ज्वारीची भाकरी, हे मात्र अधूनमधून निघायचंच. महानंदानं ती बाई कधी पाहिली नव्हती. पण इतकी वर्षं एखाद्या न पाहिलेल्या नणंदेचं कौतुक ऐकावं तसं तिनं ते ऐकून घेतलं होतं, आणि घरात शेंगोळे करायचं हळूहळू सोडून दिलं होतं. उत्तरेश्वरच्या ते कधी लक्षात आलं की नाही, तिला माहीत नव्हतं.

कॉल संपल्यावर तिनं उरलेला लसूण सोलून संपवला. मग जेवायला वाढताना म्हणाली, "मला तिथं घेऊन चला."

"इटलीला?"

"कस्तुराबाईकडं."

उत्तरेश्वर हसायला लागला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "अगं, ती ड्रायव्हर-कंडक्टरची, ट्रॅक्टरवाल्यांची जागा. पत्र्याचं शेड हाय. तिथं बायका येत न्हायत."

"कस्तुराबाई बाई न्हाय व्हय?"

उत्तरेश्वरनं पुढ्यातलं ताट जवळ ओढलं.

"मी आजवर कुठं बसून जेवलेय, सांगा बरं," ती म्हणाली. "लग्नात गेले तर पंगतीत वाढायला उभी. हाटेलात गेलो तर तुमची गाडी सुटायची घाई. म्हायेरी गेले तरी चुलीपुढं. ती पोरगी म्हणती, मी काही नाही, जेवतेय. मलाबी तसं एकदा करायचंय."

"आता ती खानावळ चालू हाय का बंद, तेबी म्हाईत न्हाय. मला तिकडं जाऊन धा-बारा वर्षं झाली."

"जाऊन बघू. बंद असली तर माघारी येऊ."

बुधवारी सकाळी दोघं निघाले. महानंदानं ठेवणीतली हिरवी इरकल नेसली. निघताना सवयीनं तिनं दोन भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधली, दाराशी येऊन थांबली आणि परत आत जाऊन ती पुरचुंडी ओट्यावर ठेवून आली.

एसटीत उत्तरेश्वर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. महानंदाला ते दिसत होतं आणि हसू येत होतं. तेरला बस निम्मी रिकामी झाली. पूल ओलांडताना तेरणेत पाणी दिसलं. पुढं दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाल्यानं रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर वाट अडवून चालले होते. एका उताराजवळ उत्तरेश्वर खिडकीबाहेर बघायचा थांबला आणि समोरच्या सीटच्या दांड्याकडं बघत राहिला. महानंदाला वाटलं, ऊन लागत असेल.

कारखान्याच्या अलीकडच्या फाट्यावर ते उतरले.

खानावळ चालू होती. शेड आता सिमेंटच्या खांबांवर उभं होतं, पण बाहेरचा कडुनिंब तोच होता, उत्तरेश्वर म्हणाला. झाडाखाली दोन बाजा, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि लोखंडी टेबलं. दुपारची गर्दी व्हायला अजून वेळ होता. चुलीपाशी चाळिशीची एक बाई भाकऱ्या थापत होती. दाराशी खुर्चीत, डोक्यावरून पदर घेतलेल्या, पाठीत वाकलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या.

उत्तरेश्वर चप्पल काढून त्यांच्यापुढं उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारं हसू होतं. "मावशी, वळखलं का?"

कस्तुराबाईंनी डोळे बारीक केले. "कोन हाय?"

"मी उत्तरेश्वर. कळंब गाडीचा ड्रायव्हर."

"डायवर लई यायचे बाबा," त्या म्हणाल्या. "कोन कोन ध्यानात ठिवावं? आन् आता मला दिसतं बी कमी. बसा, बसा. महादेवी, दोन ताटं कर गं."

उत्तरेश्वरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूच गेलं. "दादामियाँ कंडक्टर माझ्याबरोबर असायचा," तो म्हणाला. "मला तवा मिशा होत्या."

"असतील बाबा," समजुतीच्या सुरात त्या म्हणाल्या. "मिशा समद्यांनाच हुत्या."

तो आत येऊन खुर्चीवर बसला. टेबलावर पडलेलं पाणी उगीच हातानं पुसायला लागला. महानंदा समोरच्या खुर्चीवरून त्याच्याकडं बघत होती. घरून निघाली तेव्हा तिच्या मनात या म्हातारीबद्दल एक अढी होती. तिला वाटलं होतं, आपण जाऊ, शेंगोळे चाखू, आणि मनातल्या मनात म्हणू, हे एवढंच? पण आपला नवरा इतका छोटा होऊन बसलेला तिला बघवेना. तीस वर्षं त्यानं ज्या ठिकाणाला आपलं म्हटलं, तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

ती उठली आणि कस्तुराबाईंजवळ जाऊन उभी राहिली.

"मावशी, असं कसं इसरलात? भाकरी आली की हे आधी पापुद्रा काढत्यात. त्याच्यावर तेल आन् मीठ घालून नुसता पापुद्रा खात्यात. उरलेली भाकरी मग कुस्करत्यात. आन् कांदा ताटात तसाच ठिवत्यात, समदं जेवण झाल्यावर शेवटाला खात्यात."

कस्तुराबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थांबला.

"कांदा शेवटाला खानारा?" त्या म्हणाल्या. "म्हनायचा, कांद्यानं गाडीवर डोळा लागत न्हाय?"

"व्हय! तेच!" आतून उत्तरेश्वर जवळजवळ ओरडलाच.

"आगं बया." म्हातारी काठी शोधत उठायला लागली. "मग आसं सांगायचं न्हाय व्हय आधी? नाव कशाला सांगत बसलास? नावं कुनाची ध्यानात ऱ्हात्यात? महादेवी, तेल-मीठ ठिव गं ताटात!"

महानंदानं त्यांना हाताला धरून आत आणलं. त्या दोघांच्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि उत्तरेश्वरचा चेहरा अगदी जवळून बघून म्हणाल्या, "वाळलास. पर त्योच हायेस."

महादेवी, म्हणजे त्यांची सून, ताटं घेऊन आली. महानंदा चटकन उठली आणि तिच्या हातातलं एक ताट घ्यायला गेली. मग पाण्याचा जग कुठंय ते शोधायला लागली. महादेवीनं तिला खांद्याला धरून परत खुर्चीवर बसवलं. "तुमी बसा वो ताई. जेवायला आलाव न्हवं?"

महानंदा बसली. पण हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. ताटात वाफाळणारे शेंगोळे, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाची फोड आणि कांदा. नवरा आणि ती एकाच वेळी जेवायला बसले होते. शेवटचं असं कधी बसलो होतो, हे तिनं आठवून पाहिलं, आणि आठवेना तेव्हा सोडून दिलं.

तिनं पहिला घास घेतला. उत्तरेश्वर जेवायचं सोडून तिच्याकडंच बघत होता. कस्तुराबाईही कान देऊन बसल्या होत्या.

"कसं हाय?" त्यानं विचारलं.

"चांगलं हाय," महानंदा म्हणाली. आणखी एक घास घेऊन तिनं खरं तेही सांगितलं. "माझ्यापेक्षा पातळ हाय."

उत्तरेश्वरला ठसका लागला. पण कस्तुराबाई खदखदून हसल्या. "पातळच लागतंय बाई! ह्यांची गाडी हुभी ऱ्हायची दारात. परवाशी वरडायचे. दाट केलं तर गिळायला येळ कुठला? पानी वाढवून वाढवून म्याच पातळ करीत गेले. तुजे खरे शेंगोळे आसतील. घरचे."

महानंदानं मान खाली घालून भाकरी मोडली. इतक्या वर्षांची एक बारीकशी गाठ त्या बाईनं हसत हसत सोडून टाकली होती, आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता.

जेवण सावकाश चाललं. इथं उत्तरेश्वर मोकळेपणानं मागत होता. "महादेवी, अजून अर्धी भाकरी दे. रस्सा वाढ." घरी तो कधीच मागत नसे. महानंदाला याचं नवल वाटलं, मग तिच्या लक्षात आलं की घरी आपण त्याला मागायची वेळच येऊ देत नाही. थोड्या वेळानं तिनंही धीर करून म्हटलं, "मलाबी वाढा." स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. महादेवीनं पळीभर शेंगोळे घातले आणि वर आणखी पळीभर घातले.

"ही मंडळी का तुजी?" कस्तुराबाईंनी उत्तरेश्वरला विचारलं. "पोटुशी हुती ती हीच?"

उत्तरेश्वरचा हात ताटात थांबला.

"कवा?" महानंदानं विचारलं.

"ते जाऊ द्या मावशी," तो म्हणाला.

पण कस्तुराबाईंना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. "आगं, ते ट्रॅक्टरचं झालं तवा. उतारावर फुडच्या ट्रॅक्टरची ट्रॉली सुटली. भरल्याली उसाची ट्रॉली, मागं गडगडत आली ह्याच्या गाडीवर. ह्यानं गाडी रस्त्याखाली रानात घातली. ट्रॉली शेजारनं गेली आन् खाली पालथी झाली. येका बी मानसाला खरचाटलं न्हाय. परवाशांनी ढकलून गाडी वर काढली, आन् मग हितं आला. हितंच बसला हुता, त्या खांबापाशी. हाताला ह्यो कापरा. पान्याचा पेला उचलंना. दादामियाँ म्हनला, मावशी, ह्याला कायतरी द्या. म्या दहीभात कालवला आन् चारला हातानं. ल्हान पोरावानी. म्हनला, मावशी, घरी बायको पोटुशी हाय, तिला कुनी सांगू नगा."



महानंदानं नवऱ्याकडं बघितलं. तो कांद्याची पाकळी सोलत होता, जणू ते फार नाजूक काम असावं. सकाळी बसमध्ये तो उताराजवळ बाहेर बघायचा का थांबला, हे तिला आता कळलं. शिवप्रियाच्या वेळची गोष्ट होती ही. त्या संध्याकाळी तो घरी आला असेल, हातपाय धुतले असतील, जेवला असेल. आपण त्याला वाढलंही असेल. आपल्याला काहीच कसं दिसलं नाही?

ती रागावली नाही. राग यायला हवा होता कदाचित. पण तिला दिसत होता तो कापऱ्या हातांचा, तिशीतला, भरघोस मिशांचा माणूस, आणि त्याच्या तोंडात घास घालणारी ही बाई. तिनं खुर्ची सरकवली आणि वाकून कस्तुराबाईंच्या पायांना हात लावला.

"आगं, आगं, जेवता जेवता उठू नगं," म्हातारी गडबडली. "काय झालं?"

"काय न्हाय मावशी," महानंदा म्हणाली. "बरं झालं तुम्ही हुतात."

ती परत बसली आणि तिनं ताट स्वच्छ केलं. मग महादेवीनं आणलेलं ताक प्याली. दुपारची गर्दी सुरू झाली. ट्रॅक्टरवाले आले, शेजारच्या गावची दोन-तीन माणसं आली. एका ट्रॅक्टरवाल्यानं इरकलीतल्या बाईकडं वळून बघितलं, तेव्हा कस्तुराबाई म्हणाल्या, "काय बघतोस? पावनी हाय माजी." महानंदानं हसून पदर सावरला आणि हात धुवायला गेली. ताट उचलायची आठवण तिला मोरीपाशी पोचल्यावर झाली. वळून पाहिलं तर महादेवीनं टेबल पुसूनही टाकलं होतं.

"आता आडवी हो जरा," कस्तुराबाईंनी सांगितलं आणि कडुनिंबाखालची बाज काठीनं दाखवली.

महानंदा भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर झोपली. गाड्यांचे आवाज येत होते. झोप लागायच्या आधी तिला उत्तरेश्वर आणि म्हातारी बोलताना ऐकू आले. दादामियाँ आता सोलापूरला लेकाकडं असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, असं काहीसं. मग तेही ऐकू येईनासं झालं.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. निघताना महादेवीनं तिच्या पदरात हुलग्याची पुडी बांधली. घरच्या रानातले आहेत, म्हणाली. कस्तुराबाई दारापर्यंत आल्या. "आता ह्याला म्हनावं, मिशा ठिव," त्या म्हणाल्या. "म्हंजी लांबनं वळखू येईल."

दोघं फाट्यावर येऊन बसची वाट बघत उभे राहिले. उसाच्या पाचटाचा वास सुटला होता.

"मला का न्हाय सांगितलं?" महानंदानं विचारलं.

"तुझा सातवा महिना चालला हुता."

"नंतर?"

उत्तरेश्वरनं थोडा विचार केला. "नंतर सांगायचं म्हणत हुतो. पण रोज सकाळी मी ड्युटीला निघालो की तू दारात येऊन हुभी ऱ्हायचीस. मला वाटायचं, हिला सांगितलं तर ही दारात तशी हुभी राहायची न्हाय. घाबरून हुभी राहील. मग राहूनच गेलं."

समोरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागच्या ट्रॉलीकडं दोघांनीही बघितलं.

"त्या उतारावर पुन्हा गाडी नेताना भ्या वाटायचं?" तिनं विचारलं.

"वर्षभर वाटत हुतं." त्यानं हात खिशात घातले. "दादामियाँ त्या जागेवर आला की मुद्दाम माझ्याजवळ येऊन हुभा राहायचा, तिकिटं सोडून. काय बोलायचा न्हाय. नुसता हुभा. आन् अजून एक सांगू का तुला? एकदा कळंबच्या अलीकडं, पहाटेची गाडी हुती, धुकं असं की काच दिसंना—"

तो सांगायला लागला. धुकं, रस्त्यात आडवी बसलेली म्हशींची रांग, खाली उतरून कंदील घेऊन पुढं चालणारा एक प्रवासी. एरवी दोन शब्दांत संपणारा माणूस हातवारे करून सांगत होता. महानंदा त्याच्याकडं तोंड करून, पुडी पोटाशी धरून ऐकत होती.

तेवढ्यात धाराशिवची लाल बस वळणावर दिसली. फाट्याजवळ आल्यावर वेग कमी झाला. कंडक्टरनं दारातून हात करून विचारलं, येणार का?

उत्तरेश्वरचं बोलणं थांबलं. त्यानं बायकोकडं बघितलं.

"जाऊ द्या तिला," महानंदा म्हणाली. "मागनं दुसरी असेलच. म्हशी उठल्या का मग?"

त्यानं कंडक्टरला हातानं नाही म्हणून सांगितलं. बस निघून गेली, आणि तो पुढचं सांगायला लागला.